वृषणातील लिम्फोमा : गाठ काढली, पेट-स्कॅन स्वच्छ आला, तरी एवढे उपचार कशासाठी?

कुळागरची लेक, फोंडा

नमस्कार. माझे बाबा 66 वर्षांचे आहेत. फोंडा तालुक्यात आमचे कुळागर आहे आणि गेल्या वर्षापर्यंत सुपारी उतरवून घेण्यापासून ती वाळवून सोलून घेण्यापर्यंत सगळ्या कामांवर त्यांची स्वतःची नजर असे. डिसेंबरमध्ये उजवे वृषण सुजल्याचे त्यांच्या लक्षात आले होते. पण दुखत नव्हते, आणि अशी गोष्ट घरात काढायची कशी, या संकोचाने त्यांनी चार महिने कोणालाच काही सांगितले नाही. माझा भाऊ बोटीवर असतो, घरात आई आणि मीच. मुलीला सांगण्यापेक्षा सहन करणे त्यांना सोपे वाटले असावे. आईला कळल्यावर ते एका दवाखान्यात गेले, तिथे हायड्रोसील (अंडकोशात साचलेले पाणी) असेल असे सांगून औषधे देण्यात आली आणि त्यात आणखी महिना गेला. शेवटी सोनोग्राफी झाली, आत भरीव गाठ दिसली आणि जांघेतून शस्त्रक्रिया करून ते वृषण काढण्यात आले.

बायोप्सीच्या अहवालात 'डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा, नॉन-जर्मिनल सेंटर प्रकार' असे लिहिले आहे. पेट-स्कॅनमध्ये आता शरीरात कुठेही काही दिसत नाही, अस्थिमज्जेची तपासणीही स्वच्छ आहे आणि टप्पा '1-ई' असा लिहिला आहे. असे असूनही कर्करोगतज्ज्ञांनी आर-चॉप केमोच्या सहा सायकल, पाठीच्या कण्यातून मेथोट्रेक्सेटची इंजेक्शने आणि शेवटी उरलेल्या, निरोगी वृषणाला रेडिएशन असा आराखडा दिला आहे. लिम्फोमा हा गळ्यातल्या किंवा काखेतल्या ग्रंथींचा आजार, एवढेच आम्हाला ठाऊक होते. तो इथे कसा झाला? जे काढूनच टाकले त्यासाठी इतके उपचार का? आणि जी बाजू चांगली आहे तिला शेक का द्यायचा? या तिसऱ्या प्रश्नावर बाबा अडून बसले आहेत. नातेवाईक म्हणतात की हे सारे जास्तीचे उपचार आहेत, मुंबईला दाखवून घ्या. तज्ज्ञांनी आम्हाला समजावले होते, पण त्या दिवशी आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात काही शिरले नाही. कृपया कोणी सविस्तर सांगावे.

---

रक्तविकार विभागातला एक डॉक्टर, पणजी

ताई, तुमच्या वडिलांची फाईल मी पाहिलेली नाही, त्यामुळे त्यांच्या तज्ज्ञांचा शब्द माझ्या शब्दापेक्षा मोठा समजा. परंतु तुम्ही लिहिलेला आराखडा मला जास्तीचा वाटत नाही, आणि तो तसा का आहे हे समजले तर बाबांची समजूत घालणे तुम्हाला सोपे जाईल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

लिम्फोमा हा लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग आहे. या पेशींचे मुख्य ठाणे लसिकाग्रंथींत असले तरी त्या रक्ताबरोबर सतत फिरत असतात आणि जठर, आतडी, त्वचा, लाळग्रंथी, थायरॉइड अशा अनेक अवयवांत पहाऱ्याला जातात. म्हणूनच नॉन-हॉजकिन लिम्फोमाच्या साधारणपणे चतुर्थांश ते एक तृतीयांश रुग्णांमध्ये आजाराची सुरुवात ग्रंथींबाहेर होते. टप्प्यापुढचा 'ई' नेमके हेच सांगतो. यांत जठराचा लिम्फोमा त्यातल्या त्यात नेहमी दिसणारा, तर वृषणाचा दुर्मीळ. सगळ्या नॉन-हॉजकिन लिम्फोमांत त्याचा वाटा एक-दोन टक्क्यांचाच. तरीही साठीनंतरच्या पुरुषाच्या वृषणात कर्करोगाची गाठ आढळली, तर ती लिम्फोमाची असण्याचा संभव सर्वाधिक असतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. मेंदू आणि वृषण या दोन अवयवांभोवती शरीराने एक प्रकारची तटबंदी उभी केलेली असते. रक्तातली पुष्कळशी द्रव्ये आत जाऊ शकत नाहीत आणि प्रतिकारशक्तीचा पहाराही तिथे ढिला असतो. निरोगी माणसात हे संरक्षण असते, पण लिम्फोमाच्या पेशींना हाच आडोसा मिळतो. वृषणातला लिम्फोमा, मेंदूतला लिम्फोमा आणि डोळ्याच्या आतल्या पडद्याचा लिम्फोमा यांचे जनुकीय बदलही पुष्कळ मिळतेजुळते असतात. एमवायडी-88 आणि सीडी-79-बी या जनुकांतले बदल या तिघांतही वारंवार सापडतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या वर्गीकरणात या तिघांना एकाच छत्राखाली आणले आहे.

याचा व्यवहारातला परिणाम असा की हा आजार परततो तेव्हा तो बऱ्याचदा दुसऱ्या वृषणात किंवा मेंदूत परततो, आणि कधीकधी खूप वर्षांनी परततो. ग्रंथीबाह्य लिम्फोमांचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने 373 रुग्णांची जुनी माहिती तपासून 2003 मध्ये प्रसिद्ध केली. ज्यांच्या उरलेल्या वृषणाला रेडिएशन दिले नव्हते, त्यांच्यात तिथे आजार उद्भवण्याचे प्रमाण तीन वर्षांत 15 टक्के आणि पंधरा वर्षांत 42 टक्के इतके भरले. पेट-स्कॅन स्वच्छ असणे ही निश्चितच चांगली गोष्ट आहे, पण थोड्याशा पेशी कुठे दडून बसल्या असतील तर त्या त्याला दिसत नाहीत.

याच गटाने पुढे 53 रुग्णांना आर-चॉप, कण्यातून मेथोट्रेक्सेट आणि दुसऱ्या वृषणाला रेडिएशन असे तिन्ही उपचार मिळून दिले. 2011 मध्ये आलेल्या निष्कर्षांप्रमाणे पाच वर्षांनंतर 85 टक्के रुग्ण हयात होते, मेंदूत आजार परतण्याचे प्रमाण सुमारे सहा टक्क्यांवर आले आणि दुसऱ्या वृषणात तो कोणालाही परतला नाही. तुमच्या वडिलांना सुचवलेला आराखडा हाच आहे. केमोची औषधे तटबंदीच्या आत पुरेशी पोहोचत नाहीत, म्हणून मेंदूसाठी कण्यातली इंजेक्शने आणि वृषणासाठी रेडिएशन. रेडिएशनची मात्रा साधारण 25 ते 30 ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) एवढी असते आणि ती काही आठवड्यांत थोडी थोडी विभागून देतात.

बाबांच्या मनात काय असेल याची मला कल्पना आहे. रेडिएशननंतर अपत्यक्षमता जाते आणि पुरुषी संप्रेरकही कमी होऊ शकते. तसे झाले तर थकवा येतो, हाडे विरळ होतात, मन उदास राहते. हे त्यांच्यापासून लपवू नका. टेस्टोस्टेरॉनची पातळी आता एकदा आणि उपचारांनंतर पुन्हा तपासून घ्या. कमी आढळल्यास त्यावर औषध आहे. या विषयावर त्यांच्याशी एखाद्या पुरुष डॉक्टरने तुम्हा मायलेकींना बाहेर बसवून बोलावे, असे मी सुचवेन. माझा अनुभव असा आहे की दार लोटल्यावर हे रुग्ण दहा मिनिटांत मोकळे होतात.

हायड्रोसीलविषयी एक गोष्ट इतर वाचकांसाठी लिहितो. पाण्याची गाठ असेल तर अंधाऱ्या खोलीत मागून टॉर्च धरल्यावर ती लालसर उजळते, भरीव गाठ काळीच राहते. पन्नाशीनंतर वृषणाची सूज, मग ती दुखो वा न दुखो, सोनोग्राफीशिवाय हायड्रोसील म्हणून सोडून देऊ नये.

---

मडगावची वाचक

माझ्या यजमानांना याच कुटुंबातला दुसरा आजार, मेंदूतला लिम्फोमा झाला होता, म्हणून लिहिते आहे. ते हिशेबनीस. एका सकाळी चहा घेताना कपाकडे बोट दाखवून ते शब्द शोधत राहिले आणि 'कप' हा शब्द काही त्यांना सापडेना. आठ दिवसांत घरातल्या माणसांची नावे जाऊ लागली. एमआरआयमध्ये मेंदूत गाठ दिसली, भोवती सूज होती, आणि सूज उतरावी म्हणून एका रुग्णालयात त्यांना त्याच रात्री डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू करण्यात आले. चार दिवसांत ते चांगले बोलू लागले आणि आम्ही देवाला नारळ ठेवला. परंतु नंतर केलेल्या बायोप्सीत केवळ मृत पेशी आल्या. स्टेरॉइड लिम्फोमाच्या पेशींना मारते, त्यामुळे गाठ तात्पुरती विरघळल्यासारखी होते आणि निदानच हाती लागत नाही. पुढे गाठ पुन्हा वाढेपर्यंत आम्हाला सात आठवडे थांबावे लागले, आणि त्या सात आठवड्यांत त्यांचा उजवा हात गेला तो पूर्ण परत आलाच नाही.

त्या रात्री जीवाला धोका असता तर स्टेरॉइड द्यावेच लागले असते, हे मला आता समजते. परंतु त्यांच्या बाबतीत दोन दिवस थांबता आले असते, असे पुढच्या तज्ज्ञांनी सांगितले. लिम्फोमाची शंका असेल तर 'बायोप्सीआधी स्टेरॉइड अगदी आवश्यक आहे का' हा एक प्रश्न नातेवाइकांनी विचारावा, एवढेच माझे सांगणे आहे.

ताई, तुमच्या बाबांना कण्यातल्या इंजेक्शनांऐवजी शिरेतून मोठ्या मात्रेचे मेथोट्रेक्सेट देण्याची गोष्ट निघू शकेल. आमच्याकडे तेच दिले. त्यासाठी दर खेपेला चार-पाच दिवस भरती व्हावे लागे. सतत सलाइन आणि सोडा चालू असे, आणि प्रत्येक वेळी लघवी मापून तिच्यात कागदाची पट्टी बुडवायची, रंग डबीवरच्या रंगांशी ताडून पाहायचा आणि आकडा वहीत लिहायचा. लघवी आम्लधर्मी झाली तर औषध मूत्रपिंडात साचते. चोवीस तासांनंतर ल्युकोव्होरिन नावाचे उताऱ्याचे औषध सुरू करतात आणि रक्तातली मेथोट्रेक्सेटची पातळी उतरेपर्यंत घरी सोडत नाहीत. त्या दिवसांत अंगदुखीच्या साध्या गोळ्या, ॲसिडिटीच्या काही गोळ्या, यांतले काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. भेटायला येणारी माणसे प्रेमाने पिशवीतून गोळ्या काढतात, म्हणून मुद्दाम लिहिले. यजमानांना आता चौथे वर्ष चालू आहे आणि ते डाव्या हाताने हिशेब लिहितात.

---

म्हापशाचा निवृत्त शिक्षक

माझे उदाहरण उलट टोकाचे आहे. ते वाचून कोणी 'मग आम्हालाच एवढे औषध का' असा निष्कर्ष काढू नये, एवढी विनंती आधीच करतो.

मला जठराचा माल्ट लिम्फोमा, म्हणजे जठराच्या अस्तरातल्या लसिका-पेशींचा सावकाश वाढणारा लिम्फोमा झाला. हा प्रकार पीटर आयझॅकसन आणि डेनिस राइट यांनी 1983 मध्ये प्रथम वर्णिला. पुढे असे दिसून आले की जठरातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे वर्षानुवर्षे दाह होत राहतो आणि त्यातून ही गाठ तयार होते. ज्या जिवाणूच्या शोधाबद्दल बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना 2005 चे नोबेल मिळाले, तोच हा जिवाणू. माझे सारे उपचार म्हणजे चौदा दिवसांच्या प्रतिजैविकांच्या आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या. कर्करोगाच्या अहवालावर औषधांच्या दुकानातली साधी पुडी हातात आल्यावर आमच्या थोरल्या काकांनी डॉक्टरांनाच दोष दिला, आणि जठर कापून टाकणारा सर्जन शोधा असे सांगितले. पूर्वी तशा शस्त्रक्रिया होतही असत.

खरा कस लागला तो वाट पाहण्यात. तीन महिन्यांनी एंडोस्कोपी केली तेव्हा जिवाणू गेला होता, पण लिम्फोमा होता. सहा महिन्यांनी थोडा कमी. डॉक्टर म्हणाले, जिवाणू गेल्यावर गाठ विरायला वर्षभर लागू शकते, घाई नको. अकराव्या महिन्यात तुकडे स्वच्छ आले. जिवाणू असलेल्या आणि जठरापुरता मर्यादित आजार असलेल्या दहांपैकी सात-आठ रुग्णांत असेच होते, असे त्यांनी मला सांगितले होते. ज्यांच्या पेशींत गुणसूत्र 11 आणि 18 यांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते, त्यांना मात्र प्रतिजैविके बहुधा पुरत नाहीत आणि रेडिएशन किंवा दुसरे औषध द्यावे लागते. माझी ती चाचणी आधीच करून घेतली होती.

नाव एकच, लिम्फोमा, आणि एका माणसाला गोळ्या पुरतात तर दुसऱ्याच्या कण्यात सुई घालावी लागते. आजार कोणत्या पेशीचा आणि कोणत्या जागी उपजला, यावर सगळे ठरते. तुमच्या नातेवाइकांना कोणीतरी हेच पटवायला हवे आहे.

---

कुळागरची लेक, फोंडा

तुम्हा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. काल रात्री हे सारे आईला वाचून दाखवले. बाबा पलीकडच्या खोलीत होते, ते ऐकत होते असे आई म्हणते. आमच्या तज्ज्ञांनीही मुंबईचे मत घेण्याला हरकत नाही असे सांगितले आहे. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मुंबईला जाण्यात उपचारांना उशीर होईल का? आणि 'ब्लॉक घेऊन जा' म्हणजे नेमके काय न्यायचे?

---

डिचोलीकर

ब्लॉकचे मी सांगतो, वहिनीच्या वेळी मीच घेऊन गेलो होतो. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचे छोटे तुकडे मेणात बसवून ठेवतात, त्या ठोकळ्याला ब्लॉक म्हणतात. काडेपेटीपेक्षा लहान, प्लास्टिकच्या जाळीदार चौकटीत बसवलेला, कडेला नंबर लिहिलेला. अहवाल हा कोणीतरी केलेला वाचनाचा निष्कर्ष असतो, ब्लॉक हा मूळ पुरावा. त्याचे नवे काप काढून दुसरा पॅथॉलॉजिस्ट स्वतः पाहतो आणि हव्या त्या चाचण्या पुन्हा करतो. जिथे शस्त्रक्रिया झाली तिथल्या पॅथॉलॉजी विभागात अर्ज देऊन ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही मागा, त्यांच्यावरचे नंबर अहवालावरच्या नंबराशी जुळतात का हे तिथेच उभे राहून पाहा आणि पोच जपून ठेवा. ब्लॉक मेणाचा असतो. उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. मी कापसात गुंडाळून स्टीलच्या डब्यात घालून कोकणकन्येने नेला आणि रात्रभर डबा उशाशी ठेवला.

परळला टाटा रुग्णालयात सकाळी लवकर पोहोचावे लागते. राहण्याची सोय नसेल तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा रुग्ण आणि सोबतचे नातेवाईक यांच्यासाठीच आहे, पण जागा मिळेल हे गृहीत धरू नका, आधी चौकशी करा. टाटासमोरच्या रस्त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांचे नाव आहे. ते आपल्या गोव्याचे, टाटातले नामवंत शल्यचिकित्सक. त्या पाटीखाली उभे राहिलो तेव्हा अनोळखी शहरात मला थोडा धीर आला होता, म्हणून लिहिले.

बाबांना न्यायची गरज नसावी. मत घेण्यासाठी पहिल्या खेपेला फाईल, पेटची सीडी आणि ब्लॉक घेऊन एक जण गेला तरी चालते का, हे आधी फोनवर विचारून घ्या. आणि सहा सायकल मुंबईत घ्यायच्या असे ठरवू नका. मत तिकडचे आणि औषध इथे, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा तुमच्या सध्याच्या तज्ज्ञांकडे, असे पुष्कळ जण करतात. दर 21 दिवसांनी, पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना, 66 वर्षांच्या माणसाने रेल्वेचा प्रवास करू नये. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेचे कार्ड नूतनीकरण केलेले आहे का, तेही आजच पाहून ठेवा.

---

रक्तविकार विभागातला एक डॉक्टर, पणजी

डिचोलीकरांनी सांगितले त्यात माझी फारशी भर नाही. उशिराविषयी एवढेच की हा वेगाने वाढणारा प्रकार आहे, म्हणून मत घेण्यात दहा-बारा दिवस गेले तर चालेल, दोन महिने चालणार नाहीत. त्या दिवसांत इथल्या तपासण्या उरकून घ्या. आर-चॉपमधले डॉक्सोरुबिसिन हृदयाला जड जाते म्हणून इको, आणि त्यातल्याच रिटुक्सिमॅबमुळे दबलेली कावीळ उसळू शकते म्हणून हिपॅटायटिस बी ची पूर्ण तपासणी, फक्त पृष्ठभाग-प्रतिजनाची (एचबीएसएजी) नव्हे. क्रिएटिनिनही पाहा, कारण मेथोट्रेक्सेट शिरेतून द्यायचे की कण्यातून, हे बऱ्याच अंशी मूत्रपिंडांवर ठरेल. यांपैकी कोणती वाट चांगली, यावर तज्ज्ञांमध्ये अजून एकमत नाही. तेव्हा मुंबईचे मत इथल्यापेक्षा या एका मुद्द्यावर वेगळे आले तर घाबरून जाऊ नका. पहिल्या केमोनंतर लघवी लाल होईल. ते रक्त नसते, औषधाचा रंग असतो. हे बाबांना आधी सांगून ठेवा.

---

कुळागरची लेक, फोंडा

आज ब्लॉक आणि स्लाइड मिळाल्या, नंबर जुळवून घेतले. गुरुवारच्या कोकणकन्येचे तिकीट काढले आहे, मी आणि मामा जात आहोत. इको आणि कावीळ-तपासणी उद्या आहे. आज दुपारी आमच्या तज्ज्ञांनी बाबांना आत एकट्यालाच बोलावले आणि आम्ही बाहेर बसलो. पाऊण तास लागला. बाहेर आल्यावर बाबा माझ्याशी काही बोलले नाहीत, पण गाडीत बसताना आईला म्हणाले की शेक घ्यायचा आहे तर सुपारी उतरवून झाल्यावर घेऊ, तोपर्यंत सहा सायकल होतील. मी मोजून पाहिले, हिशेब बरोबर येतो.